पोटॅश न दिलेला उन्हाळा

माती कधीही खोटं बोलत नाही. माणूस कितीही दूर गेला, समुद्र ओलांडून गेला, तरी शेवटी खरं उत्तर त्याला तिच्यापाशीच मिळतं.

हे वाक्य मी यंदा डब्लिनमध्ये, गणपतीच्या कार्यक्रमात, प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं. पाहुणे चेरीवूडच्या एका कंपनीत क्लाउडचं काम बघतात. टाळ्या जोरात पडल्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक माझ्यासारखेच, पुण्या-मुंबई-नागपूरहून आलेले सॉफ्टवेअरवाले, ज्यांना बाल्कनीतली तुळस इथल्या हिवाळ्यात जगवणं एकदाही जमलेलं नाही. माझ्या शेजारी माझी बायको अश्विनी बसली होती. त्या सभागृहात नखांत खरोखरीची माती असलेली ती एकटीच. ती कानाशी येऊन म्हणाली, "खोटं बोलत नाही, कबूल. पण विचारलं तेवढंच सांगते. आणि आपण विचारतो चुकीचं."

म्हणजे माती सरकारी कार्यालयासारखी असते, असा मी अर्थ काढला आणि प्रसादाच्या रांगेत उभा राहिलो.

सप्टेंबर आला की आमच्या घरात असं बोलणं सुरू होतं. ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या खिडकीतून दिसतं ते पार्किंग आणि त्यामागचं शॉपिंग सेंटर, पण ऊन तिरपं व्हायला लागलं की अश्विनीचं लक्ष उत्तरेकडे जातं. गाडीने अर्ध्या तासावर, समुद्राच्या अलीकडे, डेक्लनची सफरचंदाची बाग आहे. अश्विनी बागांच्या मातीत काय आहे, काय नाही आणि काय उगाच आहे हे बघून सल्ला देण्याचं काम करते. यंदा फळ बरं दिसतंय म्हणते. तिने बरं म्हटलं की मला गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवतो. दोन हजार अठराचा. आयर्लंडमध्ये तेव्हा पाऊस पडायचा थांबला होता, आणि माझ्या घरातली दोन माणसं पोटॅशवरून एकमेकांशी धड बोलत नव्हती.

सफरचंदाची बाग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचं काश्मीर यायचं. डेरेदार झाडं, खाली हिरवळ, त्यावर विनाकारण हसणारी एक मुलगी. डेक्लनची बाग तशी नाही. खांब, खांबांना तारा, तारांना बांधलेली काटकुळी झाडं, एकमेकांना खेटून, सरळ ओळींत, आणि बुंध्याशी ठिबकची नळी. झाड माणसाच्या हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही आणि थोड्या जागेत जास्तीत जास्त फळ काढायचं, अशी ही शेती. अश्विनीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "ही तर आमची द्राक्षबाग! फक्त फळ चुकलंय." ती तासगावकडची. घरात द्राक्ष आणि बेदाणा. दोन हजार चौदा साली मातीवरच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी ती इथे आली आणि राहिली. मी पुढच्या वर्षी सिटीवेस्टच्या नोकरीसाठी आलो. आमचं लग्न कसं जमलं हा विषय वेगळा आहे आणि त्यात माती अजिबात नाही.

डेक्लनचं दुखणं असं होतं. फळ झाडावर असताना देखणं. तोडून शीतगृहात ठेवलं की दोन-तीन महिन्यांनी सालीखाली तपकिरी ठिपके यायचे, कडू, बुचासारखे. असं फळ दुकानवाला परत पाठवतो. कारण विचाराल तर फळात कॅल्शियम कमी. आणि मातीत? भरपूर. त्या पट्ट्यातला खडकच चुनखडीचा. एवढ्या भरल्या घरात फळ उपाशी का, याचं उत्तर अश्विनीने मला एकदा भाजी चिरता चिरता दिलं होतं. कॅल्शियम पाण्यासोबत चालतं, आणि पाणी जातं पानांकडे, कारण पानांना तहान जास्त. फळाला लहानपणी मिळेल तेवढंच मिळतं, मोठेपणी कुणी विचारत नाही. त्यात मातीत पोटॅश फार झालं तर ते मुळांच्या दारात गर्दी करतं आणि कॅल्शियमला आत शिरू देत नाही.

डेक्लनच्या बागेत पोटॅश पिढ्यानपिढ्यांचं होतं. आजोबांनी दिलं, वडिलांनी दिलं, म्हणून यानेही दिलं. शेजारच्या गोठ्यातलं शेण वेगळंच. अश्विनीचा सल्ला दोन वाक्यांचा होता. यंदा पोटॅश अजिबात द्यायचं नाही, नत्र निम्मं करायचं. आणि जूनपासून फळावरच कॅल्शियम फवारायचं, कारण ते मुळांतून जायचं तेवढं जात नाही.

माणसाला काहीतरी द्या असा सल्ला देणं सोपं असतं. देऊ नका म्हणणारा सल्लागार कुणालाच आवडत नाही. डेक्लनला खत विकणारा माणूस दरवर्षी काही ना काही द्यायलाच सांगायचा आणि त्यामुळे तो तज्ज्ञ वाटायचा. अश्विनीने सुचवलं की एक ओळ जुन्या पद्धतीने ठेवू, म्हणजे तुलना करता येईल. डेक्लन म्हणाला, "एका बागेत दोन कारभार मला झेपायचे नाहीत. एक काय ते कर. जानेवारीत शीतगृहाचं दार उघडू तेव्हा दिसेलच."

दिसेलच याचा अर्थ तिच्या ऑफिसातही सगळ्यांना कळला होता. तोवर अश्विनी दुसऱ्यांच्या सल्ल्यासाठी मातीचे नमुने गोळा करत हिंडायची. स्वतःच्या शब्दावर चाललेली ही तिची पहिली बाग. जानेवारीत ठिपके निघाले तर डेक्लन खतवाल्याकडे परत जाणार आणि ही परत नमुन्यांच्या पिशव्यांकडे. तिच्या साहेबांनी हे तिला अत्यंत सौजन्याने सांगितलं होतं. आयरिश सौजन्याची गंमत अशी की धमकी दिली गेली हे घरी पोहोचल्यावर कळतं.

आणि मग पाऊस थांबला.

सुरुवातीला सगळा देश आनंदाने वेडा झाला. माझ्या ऑफिसातली माणसं जेवणाच्या सुट्टीत गवतावर आडवी पडायची आणि दुपारी लाल होऊन परत यायची. मग गवत पिवळं पडलं. मग तेच लोक आभाळाकडे अशा चेहऱ्याने बघायला लागले, जसं ओळखीच्या दुकानदाराने उधार नाकारल्यावर बघतात. बागेला पाणी घालू नका अशा सूचना आल्या. हिरव्या रंगावर ज्या देशाचा एवढा अभिमान, तो देश वरून बघताना खाकी दिसत होता.

नेमके तेव्हा आप्पा आले. माझे सासरे. एप्रिलची खरड छाटणी उरकलेली, ऑक्टोबरची छाटणी लांब, त्यामुळे द्राक्षवाल्याला मिळणारी वर्षातली एकमेव सवड घेऊन, आणि बॅगेत कपड्यांपेक्षा जास्त बेदाणा घेऊन. विमानतळावरून येताना एम-फिफ्टी महामार्गाच्या दोन्ही बाजूंचं वाळलेलं गवत बघून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही तर म्हणत हुतासा हितं लई पाऊस. हे तर आमच्या दुष्काळी जतसारखं दिसतंय की!"

पहिल्याच शनिवारी आम्ही त्यांना बागेत नेलं. आप्पा ओळीच्या तोंडाशी उभे राहिले, तारेला हात लावून ताण बघितला, खांब हलवून बघितला, ठिबकची नळी पायाने सरळ केली आणि मग डेक्लनशी हात मिळवला. दोघेही साठी ओलांडलेले, दोघांचेही तळवे सारखेच राठ. डेक्लनला मराठी येत नव्हतं आणि आप्पांचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून शिकलेलं. तरी दहा मिनिटांत त्यांचं असं जुळलं की मी आणि अश्विनी मागे राहिलो.

"व्हॉट पोटॅश? हाऊ मच?" आप्पांनी विचारलं.

डेक्लनने अश्विनीकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले. "काही नाही. तुमच्या मुलीने बंद केलंय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय ह्यो?"

मी सांगितलं.

"अजिबात न्हाई? अगं, फळ फुगायच्या टायमाला पोटॅश न्हाई? गोडी कुठनं यायची? रंग कुठनं यायचा?" मग डेक्लनकडे वळून, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं, "नो पोटॅश, नो स्वीट. नो कलर. नथिंग."

"मी हेच म्हणतोय मार्चपासून!" डेक्लन म्हणाला. एवढा खूश झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"आप्पा, हे द्राक्ष नव्हं," अश्विनी म्हणाली.

"मुळं तर हायती ना? का मुळंबी इंग्रजीत असत्यात?"

त्या दिवसापासून आप्पा दर शनिवारी बागेत जायला आमच्या आधी तयार. डेक्लनला ते 'पाटील' म्हणायचे. डेक्लन त्यांना 'ॲप्पा' म्हणायचा, फोनवर उतरवायचं काहीतरी असल्यासारखं. दोघे ट्रॅक्टरच्या सावलीत चहा पीत बसायचे. चहात दूध किती घालावं यावर त्यांचं एकमत होतं आणि त्या पिढीचं या मुलीपुढे काही चालत नाही यावरही.

अश्विनीला खरी भीती पोटॅशची नव्हती, पाण्याची होती. पाणीच नाही तर कॅल्शियम चालणार कसं? जे थोडं चालेल ते पानं ओढून घेणार. डेक्लनच्या विहिरीतलं पाणी खाली गेलं होतं. ठिबक चालायचं, पण जपून. फवारणी करावी तर दुपारच्या उन्हात पानं करपतात. म्हणून ती उजाडता उजाडता घरातून निघायची आणि ऊन तापायच्या आत डेक्लनकडून फवारणी उरकून घ्यायची. शनिवारी मी सोबत जायचो. माझ्याकडे काम असं काही नसायचं. मी फाटक उघडायचो आणि ट्रॅक्टर गेल्यावर लावायचो. ते मी चांगलं करायचो असं डेक्लनचं मत आहे.

त्या पहाटेचा वास मला अजून येतो. ओल्या पानांचा, डिझेलचा, आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचा. अश्विनी ओळीत वाकून कोवळी फळं उलटीपालटी करून बघायची. मागून पाहिलं तर वाटायचं, कुणी मुलांच्या रांगेतून नखं तपासत चाललंय. त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना मला अभिमान वाटायचा. माझी अडचण अशी की अभिमान वाटल्यावर करायचं काय ते मला येत नाही. मी थर्मासमधला चहा ओतून द्यायचो.

आप्पाही बघत होते. एकदा अश्विनी अंघोळीला गेलेली असताना मला म्हणाले, "ती जेवंना झालीया. तुमच्या ध्यानात आलंय का?"

"कामाचा ताण आहे, आप्पा."

"ताण कशाचा? एक पोतं पोटॅशचा ताण हाय. दिलं की गेला."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. नीट ऐकलं असतं तरी काय झालं असतं कोण जाणे. ऑगस्ट संपताना आप्पा परत गेले. डेक्लनने त्यांना स्वतःच्या डोक्यावरची टोपी दिली. आप्पांनी ती विमानतळावर घातली ती उतरवलीच नाही. तासगावच्या बाजारात ती अजून फिरते.

तोडणी ऑक्टोबरच्या तोंडावर सुरू झाली. लाकडी पेट्या भरत होत्या. फळ लालभडक, दिसायला इतकं छान की मला वाटलं सुटलो. अश्विनी म्हणाली, "दिसायला दरवर्षीच छान असतं."

तेवढ्यात डेक्लन आला. आधी हवेबद्दल बोलला. मग हर्लिंगच्या सामन्याबद्दल बोलला. मग परत हवेबद्दल. आयरिश माणूस दोनदा हवेवर आला की समजावं, काहीतरी आहे.

"ती कुंपणाकडची ओळ," तो शेवटी म्हणाला, "तिच्या पेट्या वेगळ्या ठेवायच्या का असं मी विचार करत होतो."

"का?"

"नाही, म्हणजे... तुझे वडील आणि मी... जुलैमध्ये. शेडमध्ये मागच्या वर्षीची पोती होती. बादलीत विरघळवून, झाडाझाडाला. एकच ओळ हां. ते म्हणाले, निदान एक ओळ तरी वाचू दे, पोरीचं तोंड राखायला होईल."

'तोंड राखायला' याचं भाषांतर आप्पांनी कोणत्या इंग्रजीत केलं असेल याचा मी आजही विचार करतो.

अश्विनीने त्या पेट्या वेगळ्या ठेवायला सांगितलं. परतीच्या वाटेवर एम-फिफ्टी नेहमीसारखा तुंबलेला. गाडी गोगलगायीसारखी सरकत असताना तिने फोन स्पीकरवर टाकला.

"आप्पा, कुंपणाकडच्या ओळीत काय केलंसा?"

"सांगितलं व्हय पाटलानं? पोटात काय राहत न्हाई बघ त्या माणसाच्या."

"माझ्या बागेत, मला न विचारता?"

"तुझ्यासाठीच केलं, बाई. सगळं वाया गेलं तर निदान एक ओळ दाखवायला राहील. म्हणून केलं."

"आणि तुमचीच ओळ वाया गेली तर?"

"पोटॅशनं?" आप्पा हसले. "पन्नास वर्सांत न्हाई गेली."

तिने फोन ठेवला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "अरे, मला मार्चमध्ये हीच ओळ हवी होती."

"कुठली?"

"तुलनेची. कोरडं वर्ष. ठिपके आले तर सगळे म्हणतील पोटॅश दिलं नाही म्हणून, नाही आले तर म्हणतील यंदा नशीब बरं. आता एका ओळीला पाणी तेच, फवारणी तीच, फक्त पोटॅश जास्त. आप्पांनी मला पुरावा करून दिलाय. फक्त कुणाच्या बाजूने ते अजून त्यांना माहीत नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही," ती म्हणाली. आणि बेदाण्याची पुडी उघडली. त्या महिन्यात तिला भूक लागलेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग हिवाळा. इथला हिवाळा म्हणजे दुपारी चारला कुणीतरी दिवा मालवतं आणि पुढच्या सकाळपर्यंत लावत नाही. शीतगृहाचं दार बंद, आतल्या हवेतला प्राणवायू कमी करून राखलेला, फळं झोपलेली. आपण केलं ते बरोबर की चूक, हे एका बंद दारामागे पडून आहे आणि आपण नाताळच्या पार्ट्यांना जाऊन लोकांना विचारतोय, कसं काय. सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर लगेच आरडाओरडा होतो. मला ते नेहमी अपमानाचं वाटायचं. त्या डिसेंबरात कळलं की ती चैन आहे.

जानेवारीत मी एक दिवस रजा टाकली. दार आदल्या दिवशीच उघडून हवा खेळू दिलेली. आत थंडी, लाकडाचा आणि सफरचंदाचा गोडसर वास. डेक्लनने चाकू आणला होता. कुणी भाषण केलं नाही. मला एवढ्या महत्त्वाच्या प्रसंगी भाषण नाही याची सवय नव्हती.

आधी कुंपणाकडची ओळ. पेटीतलं वरचंच फळ देठाच्या उलट बाजूला डागाळलेलं. डेक्लनने साल काढली. खाली तपकिरी ठिपके. दुसरं, तिसरं. काही चांगली निघाली, बरीच नाही.

मग बाकीच्या पेट्या. अश्विनी स्वतः फळं निवडत होती, वरची नाही, तळातली, कोपऱ्यातली, मोठाली, कारण मोठ्या फळात ठिपक्यांचा धोका जास्त. म्हणजे स्वतःला बुडवायची पुरेपूर तयारी. पहिलं फळ कापलं. पांढरं. दुसरं पांढरं. डेक्लन साल सोलत गेला, अश्विनी फळं देत गेली, आणि सिमेंटच्या जमिनीवर लाल सालींचा ढीग साठत गेला. एखाद्या फळात एखादा ठिपका निघाला तेव्हा तिने तोही मला दाखवला. माझ्या बायकोला स्वतःच्या यशातही भेसळ चालत नाही.

डेक्लनने हातातली अर्धी फोड उजेडात धरून बघितली. मग ती खाल्ली.

"ग्रँड," म्हणाला.

या देशात हा शब्द हवेला, चहाला आणि पार पडलेल्या शस्त्रक्रियेलाही वापरतात. त्याने तो कशासाठी वापरला हे त्याच्या डोळ्यांकडे बघून मला कळलं. पुढे तो म्हणाला, "खालच्या अंगाच्या जुन्या बागेचंही बघशील का तू? तुला जमेल तेव्हा." तिच्या साहेबांना त्याने त्याच दुपारी फोन केला असं नंतर समजलं. फोनवर तोही आधी हवेबद्दलच बोलला असणार.

अश्विनी शेडबाहेर गेली. मला वाटलं आता तरी रडेल. मी मागोमाग गेलो तर ती नळाखाली हात धूत होती आणि स्वतःशी गुणगुणत होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं.

आप्पांना तिने संध्याकाळी सांगितलं. त्यांची ओळ डागाळली हे आधी सांगितलं, बाकीची बाग स्वच्छ निघाली हे नंतर.

"म्हंजे माझी ओळ कामाला आली म्हणायची," आप्पा म्हणाले.

"आली, आप्पा."

"मग? मी नसतो तर तुझं खरं कुणी मानलं असतं का? सांग बघू." आवाज मात्र जरा ओला होता. मग मला फोन द्यायला सांगितलं. "जावईबापू, पोरीनं माझं ऐकलं न्हाई ते बरं झालं बघा. म्या तिला येवढं शिकवलं कशाला? ऐकायला व्हय?" मागून सासूबाईंचा आवाज आला, की हे आता सगळ्या गल्लीला सांगत सुटणार. आप्पांनी सांगितलंच. फक्त त्यांच्या गोष्टीत ती ओळ त्यांनी मुद्दाम, प्रयोग म्हणून घातलेली आहे. अश्विनी ते दुरुस्त करत नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरमध्ये भाजी आणायला गेलो, आणि ती समोर दिसली. डेक्लनची सफरचंदं, चौकोनी पाकिटांत, लाल, तकतकीत. अश्विनी दुधाकडे निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो. एका बाईने एक पाकीट उचलून मुलाच्या हातात दिलं. मला त्या बाईला सांगावंसं वाटत होतं. तो कोरडा उन्हाळा, त्या पहाटेच्या फवारण्या, सालीवर बसून राहिलेलं ते कॅल्शियम, तासगावचा एक हट्टी माणूस, आणि ही माझी बायको. मी पाकीट उचलून लेबल वाचलं. वर सफरचंदाची जात लिहिली होती, खाली देश. त्याच्याखाली बारीक अक्षरांत एक सूचना होती. खाण्यापूर्वी धुऊन घ्यावे.